ज्वारी शिजवून गार केली तर

साशंक : अख्खी ज्वारी रात्रभर भिजवायची, कुकरला लावायची, गार करायची आणि मग काकडी-टोमॅटो-लिंबू कालवून सॅलड म्हणून खायची, हे मला मुळातच पटत नाही. का, ते विचारशील तर चवीच्या आधी दुसरंच कारण सांगेन. अख्खं धान्य पोटात जायला हवं म्हणून हा खटाटोप, असं तू म्हणतोस. पण गिरणीतून ज्वारी दळून आली की आमच्याकडे कुणी ती चाळून कोंडा फेकत नाही. कोंडा, अंकुर, आतलं पिष्ट, सगळं पिठात येतं आणि तसंच भाकरीत जातं. धान्य अख्खं असणं म्हणजे दाणा आकारानं शाबूत असणं नव्हे, त्यातलं काही काढून न टाकणं. त्या अर्थानं भाकरी हे अख्खं धान्यच आहे. मैद्याविरुद्ध बोल, पॉलिश केलेल्या तांदळाविरुद्ध बोल, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. पण ज्याच्या घरात भाकरी होते त्यानं दाणे चावत का बसावं? भाकरी तव्यावरून वाफेसकट ताटात येते, पापुद्रा उचलून आत तेल-चटणी घातली की मुरते. तिच्या जागी गार दाणे ठेवून काय मिळवलं, ते तरी कळू दे.

उत्साही : भाकरीच्या जागी नाही ठेवत, काकू. भाकरी जिथे होतच नाही तिथे ठेवतो. माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या घरात ती होत नाही, आणि का होत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पीठ ताजं लागतं. जुनं झालं की विरी जाते, थापताना कडा फाटतात. बाजरीचं पीठ तर त्याआधीच कडू होतं. पाणी किती कढत हवं, पीठ किती मळायचं, परातीत हात कसा फिरवायचा, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी लावायचं, हे अंगात यायला वर्षं जातात. दुकानातून अर्धा किलो पीठ आणून महिन्यातून एखाद्या वेळी थापायला बसणाऱ्याला ते येत नाही, आणि मग तो ज्वारी आणणंच सोडून देतो. अख्खा दाणा डब्यात कितीतरी महिने टिकतो. त्याला फक्त आदल्या रात्री भिजवायची आठवण ठेवावी लागते. दुसरं असं की पीठ आणि दाणा पोटात सारखे वागत नाहीत. दळल्यावर पिष्ट उघडं पडतं, पाचकरस लगेच पोचतात. दाणा शाबूत असला की आत शिरायला वेळ लागतो आणि रक्तातली साखर सावकाश चढते. शिवाय दाणे उकडून खाणं आपल्याला कुठे नवं आहे? बारशाला घुगऱ्या वाटतातच की. हरभरा, गहू, ज्वारी उकडायची, मीठ लावायचं, मूठभर हातावर ठेवायची. मी त्यात फार तर एवढंच करतो की दाणे निवू देतो आणि घरात ज्या भाज्या असतील त्या कच्च्याच घालतो.

साशंक : 'घरात असतील त्या', इथेच माझा दुसरा आक्षेप आहे आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. मी अशी सॅलडं खाल्ली आहेत. ज्वारी, कोबी, मक्याचे दाणे, डाळिंब, संत्र्याच्या फोडी, अक्रोड, वरून मध. प्रत्येक गोष्ट चांगली, आणि सगळ्यांची मिळून कुठलीच चव नाही. हाताशी आलं ते घातलं याला तू सुचणं म्हणतोस. मला ते तसं वाटत नाही. काकडीची कोशिंबीर घे. काकडी कोचवायची, पण मीठ वाढायच्या वेळीच घालायचं, कारण मिठानं पाणी सुटतं. दाण्याचं कूट त्यात नुसतं चवीसाठी नसतं, सुटलेलं पाणी ते धरून ठेवतं. साखर चिमूटभर, लिंबाची धार कमी करायला. हिरवी मिरची फोडणीत घातली तर तिखटपणा सगळीकडे पसरतो, मिठाबरोबर चुरडून घातली तर तो कच्चा आणि तेज राहतो. हे गणित एकच पदार्थ पुन्हा पुन्हा करून बसलेलं आहे. मग कधी कूट संपलेलं असलं तर तीळ भाजून कुटते, लिंबू नसलं तर कैरी किसते. याला मी सुचणं म्हणेन, कारण काय बदललं आणि त्याच्या बदल्यात काय सांभाळलं हे मला ठाऊक असतं. ज्याला मूळ पदार्थच माहीत नाही, त्याचं मनानं केलेलं कुठलं आणि बिघडलेलं कुठलं, हे त्याला स्वतःला तरी कसं कळणार? तू लेबनॉनच्या तबुले सॅलडचा दाखला देशील. तबुले काही मनाला येईल तसं करत नाहीत. त्यात पार्सली मुख्य, बल्गर थोडासाच. आणि बल्गर म्हणजे आपला दलिया नव्हे. गहू आधी उकडायचा, वाळवायचा, मग भरडायचा. म्हणून तर तो नुसता भिजवला तरी खाता येतो. झटपट दिसणाऱ्या त्या सॅलडच्या मागे एक आख्खं वाळवण उभं आहे.

उत्साही : मूळ पदार्थ लागतो हे मला मान्य आहे. फक्त तो पदार्थ म्हणजे भाज्यांची ठरलेली यादीच असली पाहिजे, हे मान्य नाही. क्रम ठरलेला असला तरी अंदाज बसतो. माझा क्रम सांगतो. रात्री भिजवलेल्या ज्वारीचं पाणी सकाळी बदलायचं, मीठ घालून कुकर लावायचा, पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं. मग एक दाणा बोटात दाबायचा. आतला कडक पांढरा ठिपका गेलेला पाहिजे, पण साल फाटून पिठूळ व्हायला नको. एका वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात. निथळून परातीत पसरायची आणि कोमट आहे तोवरच लिंबू आणि मीठ लावायचं. दाणा निवताना रस आत घेतो. पूर्ण गार झाल्यावर लावलात तर तो खाली वाटीत साठतो आणि दाणा आतून अळणीच राहतो. आता काकडी. तुम्ही मीठ शेवटी घालता, मी मुद्दाम आधी लावतो आणि सुटलेलं पाणी ज्वारीतच ओततो. तुमच्याकडे कूट जे काम करतं ते इथे दाणा करतो. फोडणी तेलाचीच. गार दाण्यांवर तुपाची फोडणी थिजते आणि टाळूला चिकटते. करडईचं तेल मिळालं तर फारच छान, सोलापूरकडे आणि मराठवाड्यात ज्वारीच्या शेताच्या कडेनं करडई लावतात, ती चव ज्वारीला अनोळखी नाही.

हे सगळं कायम ठेवायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. थंडीत कच्ची मेथी चिरून, कांदा, कूट आणि लाल तिखट घालून तुम्ही घोळाणा करता ना, त्यातच ज्वारी घालून पाहा. मेथीचा कडूपणा दाण्याच्या गोडसर चवीशी चांगला जमतो. हरभऱ्याचा कोवळा पाला आणला तर तो स्वतःच आंबट असतो, मग लिंबू निम्मं करायचं. चैत्रात कैरी आली की लिंबाला सुट्टीच. मटकीला मोड आणून वाफवून घातली तर पोषणाचीही जोड मिळते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ते कडधान्यात भरपूर असतं. आणि 'जे असेल ते' ही रीत काही मी शोधून काढलेली नाही. गोपाळकाला घ्या. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, काकडी, मिरची, लोणच्याचा खार. ज्याच्या शिदोरीत जे निघालं ते त्यात गेलं, ही तर त्यामागची मूळ कल्पनाच आहे. आषाढीनंतर पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, तेव्हा वारीची सांगता होते. लाह्या म्हणजे अख्खी ज्वारीच. मग घरच्या वाडग्यात तीच मोकळीक घेतली तर ती परकी कशी?

साशंक : काल्याचं तू बरोबर बोललास, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण काला कालवला की वाटून तिथल्या तिथे संपतो. तुझी ज्वारी रविवारी शिजते आणि बुधवारपर्यंत पुरते, आणि भाकरी-सॅलडमधला खरा फरक मला तिथे दिसतो. भाकरीत पाणी कमी, म्हणून ती शिळी झाली तरी सहसा आंबत नाही. वाळते, दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकता येते. शिजलेला ओला दाणा मे महिन्यात ओट्यावर राहिला तर दुपारपर्यंत त्याला तार सुटते. हे ज्याला माहीत नाही त्याला तू 'मनानं करा' म्हणून सांगतोस. आणखी एक. मोड काढायचा नाद लागलेले लोक ज्वारीलाही मोड आणून कच्चीच सॅलडमध्ये घालतात. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावरं दगावतात हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. कोवळ्या ज्वारीत असं द्रव्य असतं की चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं, आणि दाण्याला आलेल्या कोंबातही तेच असतं. मटकीचा नियम ज्वारीला लागत नाही. जुन्या माणसांनी हे शिकवणं म्हणून शिकवलं नाही, ते करण्यातच होतं. ते करणं सोडलं की त्यासोबत हे माहीत असणंही जातं.

उत्साही : ज्वारीच्या मोडांबद्दल काही वादच नाही, ते सॅलडमध्ये घालू नयेत, बस. साठवण्याबद्दल मी तुमच्यापेक्षाही कडक बोलेन. शिजवल्यानंतरही बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू दाण्यात जिवंत राहू शकतात. दाणे खोलीतल्या उष्णतेत पडून राहिले की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष असं आहे की नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे 'आंबलं नाही, वास येत नाही, गरम करून घेऊ' हा अंदाज इथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं सोपं आहे. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, ठेवायचं तर पाच अंशांच्या खाली. म्हणून पातेल्यात ढीग न ठेवता परातीत पातळ पसरायची, म्हणजे ती भराभर निवते, आणि मग लगेच फ्रिजमध्ये. तिथे मोकळीक नाहीच. मोकळीक आहे ती खायच्या वेळी. फ्रिजमध्ये पिष्ट घट्ट होतं, दाणा ताठ होतो आणि गारव्यानं चव दबते, म्हणून दुसऱ्या दिवशी थोडं मीठ आणि आंबट पुन्हा लागतं.

पण काकू, तुम्ही चवीचं बोललात, टिकण्याचं बोललात, एका गोष्टीबद्दल मात्र काहीच बोलला नाहीत. भाकरी गरमच खायची असते. म्हणजे कुणीतरी तव्यापाशी असतं आणि बाकीचे पाटावर. त्या कुणीतरीचं जेवण सगळ्यांचं उरकल्यावर होतं, आणि तोवर तिची भाकरी गार झालेली असते. गार खायच्या पदार्थाचा हा गुण मला फार मोठा वाटतो. सगळं आधी तयार असतं, सगळे एकदम बसतात. आणि ते करायला वर्षांची तालीम लागत नाही म्हणून ते घरातल्या पुरुषालाही करता येतं, मुलालाही. भाकरी येत नाही ही सबब माझ्यासारख्यांनी पिढ्यान् पिढ्या वापरली. सॅलडला ती चालत नाही.

साशंक : हे लागलं मला, आणि खरं आहे म्हणून लागलं. तव्यावरच्या शेवटच्या भाकरीची चव मला चांगली माहीत आहे. ती कडेला वाळलेली असते आणि तोवर भूकही मेलेली असते. मी तुझं म्हणणं घेते. पण तुझ्या हिशेबात विळी आली नाही. काकडी, कांदा, मेथी निवडणं, कोथिंबीर धुणं, कैरी किसणं, हे कोण करतं? जिथे तू करतोस तिथे ठीक. जिथे सॅलड पाहिजे म्हणणारा एक आणि चिरणारी दुसरी, तिथे तव्यापुढचं उभं राहणं सुटलं आणि ओट्यापुढचं वाढलं. पदार्थ बदलला म्हणून घरातली कामाची वाटणी बदलत नाही. ती बदलायचं ठरवलं तर भाकरीच्या घरातही बदलते.

आता मला सगळ्यात जास्त डाचतं ते सांगते. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. लोकांनी ती नाइलाजानं खाल्ली. ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजवणं, ताकाबरोबर गिळणं, हे कितीतरी घरांत गरिबीचं जेवण होतं. त्या घरातल्या मुलांना दोन पैसे मिळाले तसे त्यांनी गव्हाची पोळी धरली, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पुढे २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं आणि तीच ज्वारी मानाची झाली. मला आनंदच आहे. पण हिशेब कर. एका भाकरीला साधारण सत्तर ग्रॅम पीठ धर. चार माणसांच्या घरात दिवसाला आठ भाकऱ्या म्हणजे वर्षाला दोन क्विंटल ज्वारी. तुझ्या सॅलडला आठवड्यातून दोनदा एक वाटी, म्हणजे वर्षाला पंधरा-सोळा किलो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ठीक. पण रब्बीत काळ्या रानात, नुसत्या ओलीवर मालदांडी पेरणारा शेतकरी वाटीच्या हिशेबानं पेरत नाही. तो पोत्याच्या आणि कडब्याच्या हिशेबानं पेरतो. भाकरी सुटली तर ज्वारी सुटते. सॅलडनं ती टिकेल असं मला वाटत नाही, आणि सॅलड खाऊन आपण ज्वारीसाठी काही केलं असं वाटलं तर ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

उत्साही : हिशेब बरोबर आहे, पण तुम्ही तो चुकीच्या घराशी मांडलात. ते दोन क्विंटल माझ्यासारख्या घरानं कधीच आणणं बंद केलंय. माझे पंधरा किलो दोनशेतून उणे होत नाहीत, शून्यात मिळवले जातात. आणि दाणा अख्खा शिजवणाऱ्याला दाणा पाहावाच लागतो. पिठाच्या पिशवीत काय दळलं ते दिसत नाही. शिजलेला मालदांडीचा दाणा टपोरा आणि गोडसर लागतो, भुरकट खरीप ज्वारीचा तसा लागत नाही, हा फरक भाकरी न येणाऱ्यालाही एका घासात कळतो. इतर भरडधान्यांचंही तसंच. ज्वारी-बाजरीला वेगळं टरफल नसतं, पण राळा, वरी, कोद्रा यांना असतं आणि ते काढावं लागतं. ते काढताना बहुतेक वेळा कोंडाही घासला जातो. उपवासाची पांढरीशुभ्र भगर अख्खं धान्य नाही. पाकिटावर कितीही लिहिलेलं असो, शिजवताना पाच-सात मिनिटांत लगदा झाला की हातालाच समजतं.

खपलीचं पाहा. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे खपली म्हटली की खीर. भिजवायची, सडायची, गूळ घालून तासन्‌तास आटवायची, आणि तीही लग्नाला नाहीतर उरुसाला. हाच गहू इटलीत फार्रो म्हणून होतो. टस्कनीतल्या गारफान्यानाच्या डोंगरात त्याचं थंडीत सूप करतात आणि उन्हाळ्यात टोमॅटो, तुळशीच्या जातीची बेसिलची पानं आणि ऑलिव्हचं तेल घालून गार खातात. एकानं दुसऱ्याला हटवलं नाही. मी खपली शिजवून गार केली तर खिरीचं काय जातं? वर्षातून एकदा ओळखीचा असलेला दाणा महिन्यातून दोनदा ताटात येतो.

साशंक : खिरीचं काही जात नाही, आणि फार्रोचं उदाहरण चांगलं आहे. पण त्यातली एक गोष्ट तू सोडलीस. तिथे सूप करणारी माणसं आधी होती, सॅलड त्यांच्याच घरात झालं. आपल्याकडे भाकरीवाल्या घरात सॅलड होत नाही आणि सॅलडवाल्या घरात भाकरी होत नाही. शिवाय दाणा चावायला दात लागतात. माझ्या सासूबाई भाकरी दुधात कुस्करून खातात, तुझी ज्वारी त्यांनी कशी खावी? तू म्हणशील भरडून घ्या. भरडली की त्या कण्या झाल्या, आणि कण्या गार झाल्या की त्यांची वडी पडते. त्या ऊनच खाव्या लागतात. पुन्हा कुणीतरी चुलीपाशी.

आणि तुझ्या त्या क्रमाबद्दल मघापासून विचार करते आहे. बाकी सगळं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची. चांगला नियम आहे. पण उद्या बदलायची गोष्ट ज्वारीच ठरली तर? ज्वारी महागली, बार्ली स्वस्त मिळाली, तर तुझ्या वाडग्यात काय बिघडलं? लिंबू तेच, फोडणी तीच, काकडीचं पाणी बार्लीही पिते. भाकरीत तसं होत नाही. बार्लीच्या पिठाची भाकरी थापून पाहा, ज्वारीसारखी होणार नाही. भाकरी ज्वारीला सोडत नाही. तुझं सॅलड कुठल्याच धान्याला धरून नाही, आणि तू ज्याला मोकळीक म्हणतोस ती हीच आहे.

उत्साही : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. बार्ली बाजारात बहुतेक घासलेली मिळते, म्हणून नको, असं म्हणता येईल, पण ती पळवाट झाली. ज्वारी माझ्या वाडग्यात बदलता येणारी वस्तू आहे, हे खरं आहे. मला एवढंच दिसतं की ज्या घरातून ती पूर्ण गेली तिथे ती बदलता येणारी वस्तू म्हणून तरी परत येते. पोत्यानं नाही, वाटीनं. एकदा आत आली की राहायचं की जायचं हे तिच्या चवीवर सोडायला मी तयार आहे. हुरडा खायला माणसं अजून थंडीत गावाकडे जातातच ना, कुणी सांगावं लागतं का? चांगला दाणा जिभेला लागला की माणूस तो शोधतो. त्यातला एखादा पुढे भाकरीही शिकेल.

साशंक : एखादा शिकेल. पण चवीवर सोडायला मी तयार नाही, कारण ज्वारी ताटातून गेली ती चवीमुळे गेली नव्हती. रेशनवर गहू स्वस्त मिळू लागला, पोळी करायला सोपी, डब्यात न्यायला सोपी, पाहुण्यांपुढे ठेवायला मानाची. ज्यांना भाकरीच जास्त आवडायची त्यांनीही पोळी धरली, मी त्यांतलीच. आवड असूनही गेलेलं धान्य नुसत्या आवडीनं परत येईल, हे तू मला अजून दाखवलेलं नाहीस.